डेनाचा डावा हात, आणि त्याला 'प्रतीक' म्हणायला नकार देणारी अभ्यासक

टिपणवही | सोम, रात्री १०:५२

गेल्या आठवड्यात टीवायचा एक तास रिकामा मिळाला. पोर्शन संपला होता, मुलं पांगायच्या बेतात होती, म्हणून मी ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या अमेरिकन लेखिकेच्या 'किंड्रेड' या कादंबरीची (१९७९) गोष्ट सांगायला बसले. साल १९७६, गाव लॉस एंजेलिस. डेना ही काळी लेखिका नव्या घरात पुस्तकं लावत असते. तिला भोवळ येते आणि डोळे उघडतात ते एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये. समोर नदीत रूफस नावाचा गोरा पोरगा बुडतोय. तो मळेवाल्याचा, म्हणजे गुलामांच्या मालकाचा मुलगा, आणि डेनाचा पूर्वज. त्याचा जीव धोक्यात आला की ही तिकडे खेचली जाते, हिचा जीव धोक्यात आला की परत येते. शेवटच्या फेरीत रूफस तिचा हात धरतो आणि ती निसटते. घरी पोचते तेव्हा डावा हात कोपरापासून खाली दिवाणखान्याच्या भिंतीत गेलेला असतो.

एकाने विचारलं, "मॅडम, हात का घालवला?" मी ठेवणीतलं उत्तर दिलं. गुलामगिरीतून कुणी अख्खं परत येत नाही, हात हे त्याचं प्रतीक. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "पण हात गेलाच ना?"

घरी येऊन सॅमी शाल्क या अमेरिकन अभ्यासक बाईंचं पुस्तक पुन्हा काढलं. 'बॉडीमाइंड्स रीइमॅजिन्ड', ड्यूक विद्यापीठाचं प्रकाशन, २०१८. काळ्या स्त्रियांनी लिहिलेल्या स्पेक्युलेटिव्ह कथा-कादंबऱ्यांत अपंगत्व, वंश आणि लिंग एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हा त्याचा विषय. 'किंड्रेड'वर बोलताना त्या साधारण माझ्या विद्यार्थिनीचंच म्हणणं मांडतात. हात हे प्रतीक असेलही, पण आधी तो हात आहे. गुलामगिरीत माणसं खरोखर अपंग केली जात. फटके, छाटलेले अवयव, न भरलेल्या जखमा. समीक्षक प्रतीकाकडे धाव घेतात तेव्हा ही माणसं दुसऱ्यांदा नाहीशी होतात.

शाल्कबाईंचा प्रवासही सरळ रेषेतला नाही. आधी नोत्र दाम विद्यापीठात सर्जनशील लेखनाची पदवी, मग इंडियाना विद्यापीठात जेंडर स्टडीजमध्ये पीएचडी, नोकरी आल्बनीला इंग्रजी विभागात, आणि पुढे विस्कॉन्सिन-मॅडिसनला स्त्री-अभ्यास विभागात. (२०१९ मध्ये मॅडिसनच्या कार्यक्रमात लिझो या गायिकेने त्यांना मंचावर बोलावलं आणि त्या तिच्यासोबत मनसोक्त नाचल्या. आमच्याकडे प्राध्यापिकेने गॅदरिंगला फुगडी घातली तरी आठवडाभर स्टाफरूमला विषय पुरतो.)

यावर बोलूया का? कुणी वाचलंय?

बोरीबंदर | सोम, रात्री ११:३०

लेख चांगला, पण एक शंका. साहित्य, त्यात अमेरिकन, त्यात काळ्यांचं, त्यात बायकांचं, त्यात विज्ञानकथा, आणि त्यातही अपंगत्व. कोनाड्यातल्या कोनाड्यातला कोनाडा झाला हा. अशा विषयावर आख्खं करिअर? आमच्या वेळी एका कवीवर पीएचडी केली तरी लोक म्हणायचे, बाकीचे वाचले नाहीत वाटतं.

पाचवा कंदील | मंगळ, सकाळी ७:१५

बोरीबंदर, ह्या कोनाड्यात एक अख्खा वाडा मावेल.

बटलर १९४७ मध्ये पासाडेनाला जन्मली. वडील बूटपॉलिश करत, ते ती लहान असतानाच गेले. आई लोकांच्या घरी कामाला. कामाच्या घरी टाकून दिलेली पुस्तकं आई पोरीसाठी घेऊन यायची. बाराव्या वर्षी टीव्हीवर मंगळावरच्या बाईचा एक भंगार सिनेमा बघून पोरीने ठरवलं, याहून बरं मी लिहीन. पुढे भांडी घासली, फोनवरून माल विकला, बटाट्याचे वेफर्स तपासायची नोकरी केली, आणि पहाटे दोनला उठून लिहिलं. १९८४ ते ८५ मध्ये दोन कथांना ह्यूगो हा विज्ञानकथेचा मोठा पुरस्कार, १९९५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप. विज्ञानकथा लिहिणाऱ्या कुणालाही ती त्याआधी मिळाली नव्हती. २००६ मध्ये गेली, जेमतेम अठ्ठावन्नाची. पर्सिव्हरन्स यान मंगळावर उतरलं ती जागा नासाने २०२१ मध्ये तिच्या नावे केली. मंगळावरच्या बाईच्या सिनेमाने सुरू झालेली गोष्ट मंगळावर पोचली.

आणि ती एकटी नाही. पॉलिन हॉपकिन्सची 'ऑफ वन ब्लड' १९०२-०३ मध्ये मासिकातून क्रमशः येत होती, त्यात इथिओपियाच्या जमिनीखाली दडलेलं शहर आहे. ज्युएल गोमेझने १९९१ मध्ये काळी व्हॅम्पायर नायिका आणली. टोरांटोची नालो हॉपकिन्सन, मग न्नेदी ओकोराफोर. एन. के. जेमिसिनने २०१६, १७, १८ अशी सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट कादंबरीचं ह्यूगो नेलं. तसं तोवर कुणीच केलं नव्हतं, गोऱ्या बाप्यांनीही नाही.

समीक्षाही शाल्कबाईंपासून सुरू होत नाही. फ्रान्सिस स्मिथ फॉस्टर यांनी बटलरवर १९८२ मध्येच लिहिलंय. सँड्रा गव्हन आणि रूथ साल्वाजिओ यांचे लेख १९८४ चे, काळ्या साहित्याला वाहिलेल्या एका नियतकालिकातले. त्या काळी काळ्यांच्या साहित्याचे अभ्यासक म्हणत ही उडत्या तबकड्यांवर लिहिते, आणि विज्ञानकथावाले म्हणत हा काळ्यांचा प्रश्न आहे. दोन्ही पंगतींत पान नाही. तिथून इथवर यायला दोन पिढ्या लागल्या.

बोरीबंदर | मंगळ, सकाळी ९:०२

बरं, वाडा मान्य. पण टिपणवही, ते स्पेक्युलेटिव्ह म्हणजे नक्की काय हो? विज्ञानकथाच ना? मग एवढा जड शब्द कशाला?

टिपणवही | मंगळ, सकाळी ११:४०

विज्ञानकथाच नाही. 'किंड्रेड'मध्ये विज्ञान शून्य आहे. यंत्र नाही, सूत्र नाही, डेना का खेचली जाते त्याचा खुलासा शेवटपर्यंत नाही. बटलर स्वतः तिला विज्ञानकथा म्हणायला तयार नव्हती. म्हणून हा ऐसपैस शब्द वापरतात. त्यात विज्ञानकथा आली, अद्भुत आलं, भुतंखेतं आली.

मराठीत मी वर्गात 'समजा-कथा' म्हणते. समजा, आजची बाई दोनशे वर्षं मागे गेली. समजा, दुसऱ्याचं दुखणं तुमच्या अंगात उतरलं. गणिताच्या पुस्तकात 'समजा क्ष' असतो तसा. एकदा 'समजा' म्हटलं की पुढचं सगळं चोख नियमाने. शाल्कबाईंचा मुद्दाही तिथेच आहे. जगाचे नियम बदलले की 'धडधाकट' कुणाला म्हणायचं आणि 'शहाणं' कुणाला, हेही बदलतं, आणि मग कळतं की आपल्या जगातही हे कुणीतरी ठरवलेलंच होतं. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरने 'ड्रेपटोमॅनिया' नावाचा मानसिक आजार काढला. लक्षण काय, तर गुलामाला पळून जावंसं वाटणं! ही समजा-कथा नव्हे, हे वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं.

फिलिस अलेशिया पेरीची 'स्टिग्माटा' (१९९८) वाचा यावर. नायिकेच्या अंगावर गुलाम खापरपणजीच्या जखमा उमटतात. घरचे तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकतात, आणि तिथून सुटायचं तर तिला आपण बरे झालो असं खोटं बोलावं लागतं. इथे शाल्कबाई 'बॉडीमाइंड' हा शब्द वापरतात. अभ्यासक मार्गारेट प्राइस यांच्याकडून घेतलाय तो. मी 'देहमन' म्हणते. पाठीवरचा वळ देहावर पडला की मनावर, हा प्रश्नच फिजूल.

ओसरी | मंगळ, रात्री ९:२०

वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

माझी डाव्या हाताची चार बोटं कडबा कुट्टीत गेली, नववीत असताना. आता सत्तेचाळीसचा आहे. तेव्हापासून मी लोकांसाठी काही ना काही 'असतो'. आजीसाठी मागच्या जन्मीचं फळ होतो. शाळेत सरांसाठी जिद्दीचं उदाहरण, दर २६ जानेवारीला पुढे उभं करायचे. २०१५ नंतर सरकारी कागदावर दिव्यांग झालो. दिव्य अंग! कोणतं दिव्य आहे ते मला अजून सापडलेलं नाही. शर्टाचं उजव्या मनगटाचं बटण लावायला आजही बायको लागते, ती माहेरी गेली की मी बाह्या दुमडून फिरतो. एवढंच आहे ते.

'किंड्रेड' वाचलेली नाही. टिपणवही ताई, मला एकच सांगा. ती डेना लेखिका आहे म्हणता. मग पुढे टाईप कशी करते? तेव्हा तर टाइपरायटर होते.

टिपणवही | मंगळ, रात्री ११:१०

ओसरी दादा, तुमच्या प्रश्नासाठी पुस्तक परत उघडलं. उत्तर कादंबरीत नाही. उपसंहारात ती आणि नवरा मेरीलँडला जातात, जुने कागद धुंडाळतात, मळ्यावरच्या माणसांचं पुढे काय झालं ते शोधतात. तिथे ती चेहऱ्यावरच्या वणाला हात लावते आणि रिकाम्या बाहीला हात लावते. बस. मी ही कादंबरी चारदा वाचली, तरी टाइपरायटरचा प्रश्न मला सुचला नव्हता.

'दिव्यांग'बद्दल बोललात ते शाल्कबाईंनी वेगळ्या वाटेने लिहिलंय. अपंग माणूस गोष्टीत आला की त्याला एकतर बिचारा करायचं किंवा महाशक्तिमान. या दुसऱ्या प्रकाराला अपंगांच्या चळवळीत 'सुपरक्रिप' म्हणतात, त्यावर त्यांचा २०१६ चा स्वतंत्र लेख आहे. आणि बटलरच्या 'पॅरेबल ऑफ द सोअर'वर (१९९३) त्यांनी लिहिलंय तेही ऐका. नायिका लॉरेन ओलामिना पंधरा वर्षांची. आईने गरोदरपणात एक औषध घेतलं म्हणून हिला 'हायपरएम्पथी' जडलीय. समोरच्याच्या वेदना तिला स्वतःच्या अंगात जाणवतात. कित्येक वाचक आणि समीक्षक म्हणतात, वा, काय देणगी! जगात सगळ्यांना अशी सहवेदना हवी! पण कादंबरीत बघा. लॉरेन ही गोष्ट लपवते, कारण कळलं तर लोक गैरफायदा घेतील. जीव वाचवायला गोळी झाडायची वेळ येते तेव्हा ती समोरच्यासोबत स्वतःही कोसळते. सहवेदनेने तिला संत केलेलं नाही. तिला रस्त्यावर जगायचंय, आणि हे दुखणं सांभाळत जगायचंय. शाल्कबाई म्हणतात, हिला अपंगत्व म्हणूनच वाचा. त्यात कधी सुखही आहे (दुसऱ्याचा आनंदही जाणवतो ना), कधी जीवघेणा त्रास, बाकी रोजची सवय.

पाचवा कंदील | बुध, सकाळी ६:५०

ओसरी, +१००.

पण शाल्कबाईंच्या बाजूने सगळे वाहवत चाललेत म्हणून एक खडा टाकतो. बटलरने १९९१ मध्ये 'कॅलालू' या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत हाताबद्दल स्वतःच सांगितलंय. मला तिला पूर्ण परत येऊ द्यायचं नव्हतं, गुलामगिरीने माणसांना अखंड ठेवलं नाही, अशा अर्थाचं. म्हणजे लेखिकेच्या मते तर ते प्रतीकच! मग टिपणवहीने वर्गात दिलेलं उत्तर चूक कसं?

टिपणवही | बुध, दुपारी १:२५

चूक नाही, अर्धं आहे. शाल्कबाईही प्रतीक काढून टाका म्हणत नाहीत, दोन्ही एकदम धरा म्हणतात. 'किंवा' नको, 'आणि' हवा.

त्याचा पुरावा हाताच्याही आधी मिळतो. मळ्यावरची स्वयंपाकीण सारा. तिची मुलं मालकाने विकली, एकच मुलगी ठेवली, कॅरी. का? कॅरी मुकी आहे. बोलता येत नाही म्हणून तिला अक्कलही नसेल असा लोकांचा समज, म्हणून बाजारात भाव कमी. म्हणून ती आईजवळ राहिली. आता सांगा, कॅरीचं मुकेपण कशाचं प्रतीक? ते थेट किमतीत धरलेलं आहे, बैलाचं शिंग मोडलं की दावणीला किंमत पडते तसं. पुढे आयझॅक पळून जाताना पकडला जातो आणि त्याचे कान कापले जातात. तिथेही प्रतीक शोधत बसाल? एकदा कॅरी आणि आयझॅक दिसले की डेनाचा हात त्या रांगेत जाऊन बसतो. मी वर्गात हाताची गोष्ट सांगितली आणि कॅरीचं नावही घेतलं नाही. चुकले ते इथे.

पनवेलच्या पश्चिमेला | बुध, रात्री १०:०५

मी पासाडेनाजवळ राहतो, त्यामुळे थोडी स्थानिक भर.

बटलरचे सगळे कागद इथल्या हंटिंग्टन लायब्ररीत आहेत. रेल्वेसम्राटाने उभारलेली संस्था, गुटेनबर्गचं बायबल आणि चॉसरची हस्तलिखितं बाळगणारी. ज्या पट्ट्यात बटलरची आई मागच्या दाराने कामाला शिरायची, तिथेच आता मुलीच्या वह्या ठेवल्यात. २००८ मध्ये दोन कपाटं आणि पस्तीस खोकी आली, लावता लावता अभ्यासकांना उघडायला २०१३ उजाडलं. आठ हजारांहून जास्त नोंदी. संशोधकांची वाचनाची खोली आपल्यासारख्यांना खुली नसते, पण २०१७ मध्ये प्रदर्शन भरलं होतं तेव्हा बायकोला घेऊन गेलो. काचेखाली १९८८ सालची एक वही होती. त्यात बाईंनी स्वतःलाच बजावलंय, माझी पुस्तकं खपतील, चांगल्या वस्तीत घर घेईन, आईला आणि स्वतःला उत्तम औषधोपचार मिळवीन, गरीब काळ्या मुलांना लेखनाच्या कार्यशाळेला पाठवीन. आणि शेवटी, असंच होवो! कामाला लाग! बायको म्हणाली, ही तर आपल्या आईची हिशोबाची वही वाटते, कुणाला किती द्यायचं आणि गणपतीपर्यंत काय काय करायचं.

दुसरं असं, की 'पॅरेबल'मध्ये लॉरेनची डायरी २०२४ च्या जुलैत सुरू होते आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या नोंदीत आग लागल्याचं आहे. २०२५ च्या जानेवारीत इथे अल्टाडेना जळालं. बटलरची कबर अल्टाडेनातच आहे. भविष्य वर्तवलं वगैरे मी म्हणणार नाही, तिनेही म्हटलं नसतं. कॅलिफोर्नियात आग लागते हे बातम्या वाचणाऱ्याला कळतं, आणि ती बातम्या फार वाचायची. त्या दिवसांत तिच्या नावाचं पासाडेनातलं पुस्तकांचं दुकान मदत केंद्र झालं. पुस्तकं बाजूला सारून डायपर, पाणी आणि टूथब्रश मांडले होते.

रानजाई | गुरु, सकाळी ८:३३

ती कार्यशाळेची ओळ वाचून थांबले. बटलर गेल्यावर तिच्या नावाने खरंच शिष्यवृत्ती सुरू झाली, गोरेतर लेखकांना त्या कार्यशाळांना पाठवायला. २०१५ मध्ये त्यावर क्लॅरियन वेस्ट या कार्यशाळेला कोण गेलं? मिमी मंडल, कोलकात्याची दलित लेखिका. पुढे तिने बटलरला लिहिलेल्या पत्रांचं आणि लेखांचं पुस्तक सहसंपादित केलं, 'ल्युमिनेसंट थ्रेड्स'. त्याला २०१८ मध्ये लोकस पुरस्कार मिळाला. वहीतल्या एका ओळीने बंगालपर्यंत मजल मारली.

आता आपल्याकडे वळते, कारण हे सलतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. कविता आल्या, आत्मकथनं आली. 'जिणं आमुचं' आणि 'आयदान'शिवाय मराठी वाचकाला अर्धं महाराष्ट्र कळलं नसतं. पण आम्ही काय सोसलं हे सांगा म्हणणारे संपादक भरपूर भेटतात. आम्ही काय कल्पना करतो हे मला तरी कुणी विचारलेलं नाही. विज्ञानकथेच्या अंकाला मी एकदा कथा पाठवली होती, २०९० मधली आमची वस्ती. उत्तर आलं, भाषा प्रभावी आहे, आत्मपर लिहा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करता, मग स्वप्न कधी बघू?

शाल्कबाईंचं दुसरं पुस्तक माझ्या जास्त जवळचं आहे. 'ब्लॅक डिसॅबिलिटी पॉलिटिक्स', २०२२. त्यात कादंबऱ्या नाहीत, चळवळ आहे. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंग कार्यकर्ते सरकारी इमारतीत जवळजवळ महिनाभर ठाण मांडून बसले होते, अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कलम ५०४ ची अंमलबजावणी करा म्हणून. त्यांना रोज गरम जेवण पोचवलं कुणी? ब्लॅक पँथरवाल्यांनी.

बोरीबंदर | गुरु, सकाळी १०:१८

रानजाई, ती २०९० ची कथा इथे टाका. मी वाचेन. आणि सोमवारचा कोनाड्याचा शेरा मागे घेतो, संपादनाची मुदत संपलीय म्हणून नुसतं तोंडी.

कुंदा मावशी | गुरु, दुपारी ३:४७

तुम्ही सगळे फार मोठं बोलताय, मी आपली व्यवहाराचं विचारते. माझ्या भाचीला नेमकं हेच करायचंय, अमेरिकेत जाऊन इंग्रजीत पीएचडी, विषय असाच काहीतरी काळ्या लेखिका आणि भविष्य. तिचे बाबा म्हणतात, डेटा सायन्स सोडून हे काय खूळ. पोट भरतं का यावर?

टिपणवही | गुरु, संध्याकाळी ६:३०

मावशी, खरं सांगते, गोड बोलत नाही. तिकडच्या चांगल्या विद्यापीठांत साहित्याच्या पीएचडीला सहसा फी माफ आणि वर शिकवण्याच्या बदल्यात वेतन मिळतं. त्यामुळे कर्ज काढून करायची ही गोष्ट नाही. विद्यापीठ वेतन देत नसेल तर जाऊ नये. अडचण नंतर. कायम नोकऱ्या थोड्या, आणि दरवर्षी कमीच होतायत. शाल्कबाई इंग्रजी विभागातून स्त्री-अभ्यासात गेल्या, तशी दोन-तीन दारं ठोठावता आली पाहिजेत. भाचीने इंग्रजी, जेंडर स्टडीज, आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास, सगळीकडे अर्ज करावेत.

तिच्या बाबांना आलोंड्रा नेल्सन यांचं सांगा. त्यांनी १९९८ मध्ये आफ्रोफ्युचरिझमवर, म्हणजे काळ्यांनी रंगवलेल्या भविष्यावर, ईमेल चर्चागट सुरू केला होता, म्हणजे आपण इथे करतोय तसलाच उद्योग. २०२२ मध्ये त्या व्हाइट हाउसच्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरण कार्यालयाच्या हंगामी प्रमुख होत्या. (त्या समाजशास्त्रज्ञ, साहित्याच्या नव्हेत, हे बाबांना मुद्दाम सांगू नका.)

ओसरी | गुरु, रात्री ९:५५

ताई, 'किंड्रेड' मागवली. किंडलवर घेतली, जाड पुस्तक एका हाताने उघडं धरवत नाही. कॅरी येईपर्यंत पोचलोय. मुकी असून स्वयंपाकघरात तिचं काही अडत नाही. खुणांनी सगळं सांगते आणि घरच्यांना सगळं कळतं. तेवढं वाचून बायकोला हाक मारली.

टाइपरायटरचं उत्तर मीच देतो. एका हाताने येतं. मोठं अक्षर आणताना तेवढं अडतं, पण त्या यंत्रात शिफ्टचा खटका अडकवून ठेवता यायचा. तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी ३० ची परीक्षा तसाच पास झालो. डेनाला कुणी सांगितलं नसेल.

रानजाई | गुरु, रात्री ११:१४

कथा शोधतेय. जुन्या पेन ड्राइव्हवर आहे आणि फॉन्ट सगळा फुटलाय, 'वस्ती'च्या जागी चौकोन दिसतायत. रविवारी बसून परत टाईप करते, मग वेगळा धागा काढीन.